अणुस्फोटांवर चालणारे यान आणि लंडनच्या हातातली किल्ली



ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपातील खगोलशास्त्रज्ञांनी चिली देशातल्या मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्याने बर्नार्डच्या ताऱ्याभोवती एक लहानसा ग्रह फिरत असल्याचे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये हवाई बेटावरील दुर्बिणीने त्यात भर घातली आणि ग्रहांची संख्या चार झाली. हा तारा आपल्यापासून सुमारे सहा प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे पोहोचायला सहा वर्षे लागतात. आकाशाच्या हिशेबाने हा अगदी शेजारचा वाडा म्हणायचा.

ब्रिटनमधील अंतराळप्रेमींना या ताऱ्याचे नाव नवे नाही. १९७३ ते १९७८ या काळात लंडनच्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या काही सभासदांनी याच ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित यानाचा संपूर्ण आराखडा तयार केला. प्रकल्पाचे नाव डीडॅलस. हे यान चालणार होते अणुस्फोटांवर. एक नाही, दोन नाही, सेकंदाला अडीचशे स्फोट!

एखाद्याला वाटेल, ही करमणुकीची गोष्ट झाली. आपल्या पानावर तिचे काय काम? काम आहे. अंतराळातील अणुस्फोटांचा प्रश्न २०२४ साली थेट संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपर्यंत गेला आणि तिथे नकाराधिकार वापरला गेला. शिवाय या प्रश्नाची एक किल्ली कायद्याने ब्रिटनच्या हातात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण त्याआधी यान समजून घेऊ.

लगूनमध्ये होडीत बसून कोणी मागच्या बाजूला दगड फेकू लागला तर होडी किंचित पुढे सरकते. दगड जितक्या जोराने फेकावा तितकी होडी अधिक सरकते. अग्निबाण हाच खेळ खेळतो. दगडाऐवजी तो तापलेला वायू मागे फेकतो. आजच्या उत्तम रासायनिक इंधनातून निघणारा वायू सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. चंद्रावर जायला तेवढे पुरते. ताऱ्याकडे जायला पुरत नाही. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर चालले आहे. तेवढ्याच वेगाने बर्नार्डच्या ताऱ्याचे अंतर कापायचे म्हटले तर एक लाखाहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा दगड अधिक जोराने फेकायचा तर अणूखेरीज उपाय नाही, हे गणित दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच शास्त्रज्ञांच्या लक्षात आले.

अणुशक्ती वापरायची म्हणजे भट्टी बांधायची असे आपल्याला वाटते. पण भट्टीला मर्यादा आहे. तिच्या भिंती वितळू लागल्या की उष्णता आणखी वाढवता येत नाही. स्टॅनिस्लाव उलाम या मूळच्या पोलिश गणितज्ञाने त्यावर अजब तोड सुचवली. स्फोट भट्टीत कोंडायचाच नाही. बॉम्ब यानाच्या मागे टाकायचा, काही अंतरावर फोडायचा आणि त्याच्या झोताचा धक्का एका जाड पोलादी तबकडीवर घ्यायचा. तबकडी आणि यान यांच्यामध्ये प्रचंड धक्काशोषक बसवायचे, म्हणजे आतल्या माणसांना तो तडाखा सौम्य ढकलण्यासारखा जाणवेल. तबकडी वितळणार नाही का? प्रत्येक वेळी तापलेला वायू तिला क्षणाच्याही अल्पशा अंशापुरताच शिवतो. वरचा अगदी पातळ थर जातो, आतले पोलाद थंड राहते. तापलेल्या तव्याला बोट झटकन लावून काढून घ्यावे, तसे.

१९५८ साली अमेरिकेतील जनरल ॲटॉमिक कंपनीत टेड टेलर यांनी ही कल्पना हाती घेतली. प्रकल्पाचे नाव ओरायन. त्यांच्या मदतीला आले फ्रीमन डायसन. डायसन मूळचे इंग्लंडचे. बर्कशायरमधील क्रोथॉर्न येथे १९२३ साली जन्म, वडील संगीतकार, शिक्षण विंचेस्टर आणि केंब्रिजला. महायुद्धात ते ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बफेकी विभागात गणिते करीत होते. जर्मन शहरांवर पडणाऱ्या बॉम्बचा हिशेब ज्याने केला, त्याला बॉम्बकडून काहीतरी चांगले काम करवून घ्यावेसे वाटले असेल तर त्यात नवल नाही. प्रिन्स्टनमधील नोकरीतून रजा काढून ते कॅलिफोर्नियात गेले. मंगळावर १९६५ पर्यंत आणि शनीपर्यंत १९७० मध्ये, अशी त्या मंडळींची घोषणा होती.

ही निव्वळ कागदी हौस नव्हती. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी सॅन दिएगोजवळच्या पॉइंट लोमा येथे एक मीटर रुंदीचे छोटे प्रतिरूप साध्या रासायनिक स्फोटकांच्या सहा धक्क्यांवर उडवण्यात आले. ते सरळ रेषेत सुमारे ५६ मीटर वर गेले आणि छत्रीने खाली उतरले. म्हणजे धक्क्याधक्क्याने यान स्थिर उडू शकते, एवढे सिद्ध झाले. खरे यान ४,००० टनांचे असणार होते. जमिनीवरून उठताना त्याच्याखाली फुटणारे पहिले बॉम्ब हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढे, आणि वर जाता जाता मोठे मोठे होत जाणारे. कक्षेत पोहोचायला असे शेकडो बॉम्ब.

इथेच पहिला अडथळा उभा राहतो, आणि तो यंत्राचा नाही. शेकडो स्फोट वातावरणात झाले की किरणोत्सर्गी धूळ साऱ्या जगावर पसरणार. डायसन यांनी त्याचाही हिशेब मांडला. प्रत्येक उड्डाणामागे जगात कुठेतरी सरासरी एखादा माणूस कर्करोगाने मरेल, असे त्यांचे साधारण उत्तर होते. मोटारींच्या अपघातात याहून किती तरी जास्त माणसे मरतात, असा युक्तिवाद करता येतो आणि तो केलाही गेला. मला तो पटत नाही. मोटारीत बसणारा निदान आपल्या पायाने बसतो. या हिशेबातल्या माणसाला कोणी विचारलेले नसते. त्याचे नाव कधीच कळणार नसते, आणि तो नेवाडाचाच असेल असेही नाही. तो टोंगाचा असेल, फ्लाकचा असेल.

बेटावरच्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. ब्रिटनने स्वतःच्या भूमीवर एकही अणुस्फोट केला नाही. त्याने एकूण ४५ चाचण्या केल्या. त्यातल्या १२ ऑस्ट्रेलियात, ९ प्रशांत महासागरात आणि उरलेल्या अमेरिकेबरोबर नेवाडाच्या वाळवंटात. १९५७-५८ साली किरितिमाती म्हणजे ख्रिसमस बेटाच्या परिसरात हायड्रोजन बॉम्ब फोडले, तेव्हा तिथे गिल्बर्ट बेटांवरून आलेली माणसे नारळाच्या बागांत खोबऱ्याचे काम करीत होती. मारालिंगाच्या वाळवंटात आदिवासी राहत होते. लंडनच्या नकाशावर ही ठिकाणे ‘ओसाड’ होती. चागोसमध्येही खोबऱ्याच्याच बागा होत्या, आणि १९६५ साली तो भाग आपल्यापासून तोडल्यावर तिथल्या माणसांचे काय झाले ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. चागोसमध्ये स्फोट झाले नाहीत, हे खरे. पण दूरची जागा म्हणजे रिकामी जागा, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

मग एखादा विचारी वाचक म्हणेल, ठीक आहे, जमिनीवरून उडवू नका. साध्या अग्निबाणाने वर न्या आणि अंतराळात गेल्यावर बॉम्ब फोडा. तिथे कोणाचे काय बिघडते?

याचे उत्तर ९ जुलै १९६२ रोजी मिळाले. त्या दिवशी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. तिथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर असलेल्या हवाईत रस्त्यांवरचे शेकडो दिवे गेले. रॉड्रिग्ज आपल्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर आहे. त्याच्या दुपटीहून अधिक हे अंतर. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि पृथ्वीभोवती किरणोत्सर्गाचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला. त्यातून जाणाऱ्या उपग्रहांचे सौरपट्टे निकामी होऊ लागले. त्यांत ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ हाही होता. २६ एप्रिल १९६२ रोजी तो अंतराळात गेला होता. अडीच महिन्यांत मित्रराष्ट्राच्याच बॉम्बने त्याला जायबंदी केले! आज पृथ्वीभोवती हजारो उपग्रह फिरत आहेत. आपला टेलिफोन, बँकेचा व्यवहार, चक्रीवादळाची आगाऊ सूचना, सगळे त्यांच्यावर. तेव्हा ‘वर कोणी राहत नाही’ हे म्हणणे १९६२ मध्ये अर्धे खोटे होते. आज ते पूर्ण खोटे आहे.

त्यानंतर सुमारे वर्षभराने, ५ ऑगस्ट १९६३ रोजी, ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांनी मॉस्कोत मर्यादित अणुचाचणीबंदी करारावर सह्या केल्या. भारताने तीनच दिवसांनी सही केली. या कराराची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. वातावरणात, पाण्याखाली आणि अंतराळात अण्वस्त्रांच्या चाचण्यांना बंदी, एवढेच म्हणून तो थांबत नाही; ‘अन्य कोणताही अणुस्फोट’ असेही शब्द त्यात आहेत. हेतू शांततेचा असो की युद्धाचा, स्फोट तो स्फोटच. त्या दोन-तीन शब्दांनी ओरायनचा गळा आवळला. पैसा आधीच आटत चालला होता. अंतराळसंस्थेचे मन चंद्राच्या रासायनिक अग्निबाणात गुंतले होते आणि हवाईदलाला यानापेक्षा त्यावर बसवता येणाऱ्या शस्त्रांत रस होता. १९६५ साली प्रकल्प बंद पडला. सात वर्षांत खर्च झाला होता सुमारे एक कोटी डॉलर. अशा कामाला ही रक्कम किरकोळच.

डायसन यांनी १९६० साली चाचणीबंदीच्या विरोधात लेख लिहिला होता. पण १९६३ मध्ये ते अमेरिकी सिनेटपुढे उभे राहिले ते कराराच्या बाजूने साक्ष देण्यासाठी. आपल्या लाडक्या प्रकल्पाचा मृत्युलेख तेच मान्य करीत होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत असे प्रसंग थोडे सापडतात. २०२० साली वयाच्या ९६ व्या वर्षी ते वारले.

आता लंडनच्या मंडळींकडे वळू. ॲलन बाँड आणि अँथनी मार्टिन यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या सुमारे डझनभर शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी हे काम फावल्या वेळात केले. ओरायनचे दोष त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी बॉम्ब टाकून दिले आणि त्याऐवजी लहान गोळ्या घेतल्या. प्रत्येक गोळीत ड्यूटेरियम आणि हेलियम-३, म्हणजे जड हायड्रोजन आणि हलका हेलियम. चारी बाजूंनी इलेक्ट्रॉनचे झोत मारून ती गोळी एका क्षणात दाबायची, म्हणजे सूर्यात होते तसे अणुसंमीलन होते. त्या सूक्ष्म स्फोटाचा झोत चुंबकीय क्षेत्राने मागे वळवायचा. या झोताचा वेग सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर. रासायनिक अग्निबाणाचे साडेचार किलोमीटर आठवा.

आकडे वाचून छाती दडपते. निघताना यानाचे वजन ५४,००० टन, त्यातले ५०,००० टन इंधन. दोन टप्पे. पहिला टप्पा दोन वर्षांहून थोडा अधिक चालणार, दुसरा पावणेदोन वर्षे. मग प्रकाशाच्या वेगाच्या १२ टक्के, म्हणजे सेकंदाला ३६,००० किलोमीटर एवढ्या वेगाने मूक प्रवास. एकूण ५० वर्षे. विद्यार्थ्यांनी स्वतः गुणाकार करून पाहावा: सेकंदाला २५० गोळ्या, दोन वर्षे अखंड, म्हणजे केवळ पहिल्या टप्प्यातच सुमारे १,६०० कोटी स्फोट. एकही झोत चुकता कामा नये असे नाही, पण फार चुकले तर यानाचाच घात.

यातील कोणता अडथळा सर्वांत मोठा? अनेकजण स्फोटांकडे बोट दाखवतात. माझ्या मते इंधनाचा अडथळा मोठा. ३०,००० टन हेलियम-३ लागणार, आणि तो पृथ्वीवर जवळजवळ नाहीच. म्हणून त्यांनी गुरू ग्रहाच्या वातावरणात फुग्यांवर तरंगणारे कारखाने सोडून तो २० वर्षे गोळा करायची योजना आखली. घरी दिवा लावायला तेल नाही, म्हणून शेजारच्या देशात तिळाची शेती करायची, असला हा प्रकार. शिवाय यानाला थांबण्याची सोय नाही. सूर्य-पृथ्वी एवढे अंतर ते ७० मिनिटांत ओलांडेल. पन्नास वर्षे चालून गेल्यावर मुक्कामाचे दर्शन काही तासांचे. आणि त्या वेगात समोर आलेला धुळीचा कणही गोळीसारखा लागणार, म्हणून पुढे बेरिलियम धातूची ढाल. आश्चर्य हे की त्या मंडळींनी यातले काहीच लपवले नाही. १९७८ चा त्यांचा अहवाल आजही गंभीरपणे वाचला जातो तो त्यामुळेच.

बर्नार्डचा तारा त्यांनी निवडला तो पीटर व्हान दे काम्प या खगोलशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांवरून. तिथे गुरूएवढे ग्रह आहेत असे ते सांगत. ती निरीक्षणे पुढे चुकीची ठरली. आता सापडलेले चार ग्रह पृथ्वीहूनही हलके आहेत आणि ताऱ्याला इतके खेटून फिरतात की ते सगळे तापलेले.

गोळी पेटवण्याचे काम मात्र कल्पनेत राहिले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने लेसर किरणांनी अशी एक गोळी पेटवली आणि गोळीवर पडलेल्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळवली. पण तो लेसर चालवायला विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. दिवसाला एखादी गोळी आणि सेकंदाला अडीचशे यांत केवढे अंतर! ऑक्सफर्डशायरमधील कलहम येथे ‘जेट’ या यंत्राने २०२३ च्या शेवटच्या प्रयोगांत, वेगळ्या पद्धतीने, ६९ मेगाज्यूलचा उच्चांक केला आणि मग ते कायमचे थांबवण्यात आले. ब्रिटनच्या अण्वस्त्रसंस्थेचाही ऑल्डरमास्टन येथे एक मोठा लेसर आहे. त्याचे नाव ओरायन, आणि जागा बर्कशायरच, जिथे डायसन जन्मले. नावाचा योगायोग असेल; पण शस्त्रांची विद्या आणि ताऱ्यांची विद्या एकाच अंगणात खेळतात, हे त्यातून दिसते.

हीच खरी मेख. हेतूवरून स्फोट ओळखता येत नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने स्फोट केला तेव्हा तो शांततामय असल्याचे सांगितले; जगाने ते किती मानले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. अमेरिका आणि रशिया यांनीही कालवे खणण्यासाठी आणि वायू काढण्यासाठी म्हणून स्फोट केले होते. म्हणूनच १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात शांततामय स्फोटांनाही जागा ठेवली नाही. ब्रिटनने तो १९९८ साली मंजूर केला. भारताने सही केलेली नाही. तो करार अजून अमलात आलेला नाही, आणि रशियाने २०२३ मध्ये आपली मंजुरी मागे घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली.

त्यामुळे अंतराळापुरता आज खरा आधार १९६३ चाच करार. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी केली, तीही महत्त्वाची. रशिया उपग्रह नष्ट करणारे अण्वस्त्र तयार करीत असल्याचा आरोप अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. रशियाने तो नाकारला. २४ एप्रिल २०२४ रोजी सुरक्षा समितीत या बंदीची केवळ आठवण करून देणारा ठराव आला. ब्रिटनसह तेरा मते बाजूने, चीन तटस्थ, आणि रशियाचा नकाराधिकार.

आणि ती किल्ली? १९६३ च्या करारात दुरुस्ती करायची तर बहुसंख्य सभासदांची संमती लागते, पण त्या बहुमतात ब्रिटन, अमेरिका आणि रशिया या तिघांचीही मते असलीच पाहिजेत. उद्या कोणी म्हणाले की पृथ्वीवर येणारा धोंडा वळवण्यासाठी किंवा मंगळावर लवकर पोहोचण्यासाठी अंतराळातील स्फोटांना थोडी मोकळीक द्या, तर लंडन एकटे नाही म्हणू शकते. ‘नाही’ म्हणण्याचा अनुभव त्याला आहेच. १९९१ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत अलिप्त राष्ट्रांनी हाच करार वाढवून सर्व चाचण्यांवर बंदी घालावी असे सुचवले, तेव्हा अमेरिकेबरोबर ब्रिटननेही विरोध केला होता. ज्या हाताने दार अधिक घट्ट लावू दिले नाही, त्याच हाताने ते उघडूही देऊ नये, एवढीच आपली अपेक्षा. अर्थात कोणतेही राष्ट्र तीन महिन्यांची सूचना देऊन करारातून बाहेर पडू शकते, तेव्हा किल्ली असली तरी भिंत फार उंच नाही.

डीडॅलसच्या ॲलन बाँड यांनी पुढे १९८९ मध्ये रिॲक्शन एंजिन्स ही कंपनी काढली. विमानासारखे उडून थेट कक्षेत जाणारे एंजिन बनवायचे, स्फोटांशिवाय. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पैशाअभावी ती बंद पडली, बर्नार्डचा पहिला ग्रह जाहीर झाला त्याच महिन्यात. आणि डीडॅलस? अहवाल छापून झाला त्या १९७८ सालीच ते निघाले असते, तर २०२८ मध्ये त्या चार ग्रहांजवळून गेले असते, आणि त्याचा पहिला निरोप आपल्याला २०३४ च्या सुमारास मिळाला असता.